खरवडलेली डायल

सन २०२२. माझं वय सत्तर पुरं होऊन एकाहत्तरावं लागलेलं. त्या वर्षी माझ्या हातून आयुष्यातलं सगळ्यात देखणं घड्याळ झालं, आणि आठवड्याच्या आत तेच मी माझ्याच हाताने सुई घेऊन खरवडलं. ते का खरवडलं, एवढंच सांगायला बसलोय. बाकी माझ्या आयुष्यात अंकात छापण्यासारखं फार काही नाही.

शिक्षण चौथी. चौथीची परीक्षा दिली होती की नाही याबद्दल घरात दुमत आहे. तळोज्याला एका कारखान्यात लेथवर अडतीस वर्षं काढली. पंपाचे शाफ्ट, बुश, रबरी सील बसायच्या खाचा. पाणी कुठून शिरतं आणि त्याला कसं अडवायचं हे मला पंपांनी शिकवलं. निवृत्त झालो तेव्हा हाताला काम नव्हतं आणि तोंडाला आवर नव्हता. घरात भांडणं व्हायला लागली. तेव्हा आमच्या आळीतल्या हुसेनभाईंनी एक बंद पडलेलं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. माणूस आखातात जहाजावर पंचवीस वर्षं काढून पनवेलला परत आलेला. म्हणाले, "मिस्त्री, जरा तकलीफ घ्या. यात जान उरलीय का बघा."

ते पाणबुड्यांचं घड्याळ होतं. असं घड्याळ मी तोवर हातात धरलं नव्हतं. पोलादाचा गोळाच. मागचं झाकण आट्यांचं, किल्लीसुद्धा आट्यांची, काच रुपयाएवढी जाड, आणि काचेभोवती फिरणारी दातेरी रिंग. मी चिमटा आणि भिंग घेऊन ते उघडलं. आत गंज होता. पण साफ करून, तेलाचा थेंब देऊन मी ते हलवलं, तेव्हा आतलं एवढंसं चाक झुलायला लागलं आणि केसाहून बारीक स्प्रिंग आखडायला-पसरायला लागली. लहान मूल झोपेत श्वास घेतं तशी. मी लेथवर मणभर लोखंड फिरवलेला माणूस. तासभर नुसता बघत बसलो. हिने चहा आणून ठेवला तो गार झाला.

तिथून नाद लागला तो लागलाच.

न कळणाऱ्यांसाठी सांगतो. या नादात दोन कामं असतात. एक दुरुस्तीचं. दुसरं म्हणजे घड्याळ बदलून घेणं. मोठ्या श्रीमंतांची पाणबुडी घड्याळं असतात, त्या धर्तीचं आपल्याला हवं असतं. मग आतलं साधं जपानी मशीन तसंच ठेवायचं, हात हलला की आपोआप चावी भरणारं, आणि डायल, काटे, काच, रिंग सगळं आपल्या आवडीचं घालायचं. माझा एक नियम आहे. मोठ्या कंपनीचं नाव माझ्या डायलवर येणार नाही. एका लग्नाच्या मुलाने हातापाया पडून विनवलं, सासरच्यांना दाखवायचंय म्हणाला. मी म्हटलं, सासऱ्याला जावई खरा दे, घड्याळाचं मी बघतो. तो रागावून गेला. गेला तर गेला.

आणि पाण्याची परीक्षा मी स्वतः घेतो. जाड पाइप लेथवर कापून, वर जाड पारदर्शक झाकण बसवून मी एक डबा केलाय. निम्मा पाण्याने भरायचा, घड्याळ वरच्या हवेत टांगायचं, आणि पंपाने हवा कोंबायची. तासभर थांबायचं. मग घड्याळ पाण्यात सोडायचं आणि हवा हळूहळू काढायची. कुठे भोक असेल तर आत कोंबली गेलेली हवा तिथून बाहेर येते, बुडबुडा दिसतो. नाही दिसला तर घड्याळ पास. माझ्या हातचं एकही घड्याळ गिऱ्हाइकाकडे जाऊन भिजलेलं नाही. हे मी घमेंडीने सांगतोय, आणि घमेंड करायचा मला हक्क आहे. आमच्या हिचं म्हणणं वेगळं. घरातला नळ कित्येक वर्षं गळतोय आणि हे तीनशे मीटर खोल पाण्यात चालणारी घड्याळं करतायत, असं ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाणी देताना ऐकवते.

गिऱ्हाइकंही एकेक. खारघरचे एक डॉक्टर आले, त्यांना हळदीच्या रंगाची डायल हवी होती आणि ती हळद नेमकी सांगलीची हवी होती. एकाने तीनशे मीटरचं करून घेतलं. मी विचारलं, पोहता का. म्हणाला, नाही, पाण्याची भीती वाटते. बहुतेक सगळे असेच. खरंच पाण्याखाली जाणारा माणूस दहा वर्षांत माझ्याकडे आला नव्हता.

तो आला त्या साली. म्हणजे आधी त्याची बायको आली.

कुंदा तिचं नाव. गव्हाणची, कोळीण. पनवेलच्या बाजारात मासे घेऊन यायची. टोपली रिकामी करून दुपारी आली आणि रुमालात बांधलेलं घड्याळ पुढे ठेवलं. नवरा बाळाराम पाणबुड्या आहे म्हणाली. बोटींच्या पंख्यात अडकलेली जाळी कापायची, बुडालेल्या बोटींना दोर बांधायचे, धक्क्याचे खांब तपासायचे, अशी कामं. घड्याळात पाणी शिरतंय. पुढच्या आठवड्यात मोठं काम आहे, थोरल्या दिराची बोट उरणच्या बाजूला बुडालीय, ती वर काढायचीय. निघताना तिने दाराशी थांबून बजावलं, "काका, पानी शिरतं तेवढंच बगा. बाकी कशाला हात लावू नका, असं सांगितलंय त्यांनी."

मी हो म्हटलं.

घड्याळ उघडून पाहिलं आणि माझं मन विटलं. कोणीतरी डायलचा सत्यानाश केलेला. अंधारात दिसावं म्हणून तासाच्या खुणांवर चमकणारा रंग भरलेला असतो, त्याला सगळे रेडियम म्हणतात. तो खरं रेडियम नसतो, उजेड पिऊन अंधारात परत देणारा रंग असतो. तर त्या डायलवरच्या बाराही खुणांचा रंग टोचून टोचून काढलेला. तासकाट्याचा काढलेला, सेकंदाचा काढलेला. रंग राहिला होता फक्त मिनिटकाट्यावर आणि काचेभोवतीच्या रिंगवर जो एक ठिपका असतो त्याच्यात, तोही विझत चाललेला. मला वाटलं, कोणा अडाणी घड्याळजीने वाट लावली आणि बिचारा कोळी तसंच वापरतोय.

पाणी शिरण्याचं कारण सोपं होतं. रबराच्या तिन्ही रिंगा कडक झाल्या होत्या. त्या बदलून मी तिथेच थांबायला हवं होतं. पण एवढं भांडं घासून कळकट झाकण कोण ठेवेल? मी काटे उपसले, डायल काढली. नवा रंग कालवला, सुईच्या टोकावर थेंब घेतला, श्वास रोखला आणि एकेक खूण भरली. तीन दिवस. बारा खुणा, तीन काटे, एक ठिपका. कड कुठे फुटली नाही, थेंब कुठे ओघळला नाही. विजेरीचा उजेड पाजून मी ते गोधडीखाली घेऊन गेलो आणि डोळे दिपले. हिलाही आत बोलावून दाखवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती नळाबद्दल बोलली नाही.

घड्याळ न्यायला बाळाराम स्वतः आला. पन्नाशीचा, काळाभोर, छाती पिंपासारखी आणि आवाज मात्र एकदम हळू. मी खिडकी लावून अंधार केला आणि घड्याळ त्याच्यापुढे धरलं. वाटलं, आता पाया पडेल.

तो खाटेवर बसला. म्हणाला, "काका, हे माज्या कामाचं नाय उरलं."

मला राग आला. मी त्याला चार गोष्टी ऐकवल्या. नव्या रबराच्या ऐकवल्या, परीक्षेच्या डब्याच्या ऐकवल्या, आणि ती खरवडलेली डायल कोणा गाढवाने केली तेही विचारलं.

"मीच केली," तो म्हणाला. "उरणच्या घड्याळवाल्याकडून उघडून घेतली नि सुईनं टोचली. दोन दिवस लागले मला."

मी म्हटलं, का?

तो उठून बाहेर गेला. त्याच्या मोटारसायकलला एक डबा बांधलेला होता, खाडीच्या पाण्याचा. रबराच्या रिंगा खऱ्या बसल्यात की नाही ते तो घरचं पाणी घेऊनच बघणार होता. माझ्यासारखाच संशयी. ते पाणी त्याने आमच्या मोरीतल्या बादलीत ओतलं. चहाच्या गाळासारखं. मग पाण्यात घालायचा त्याचा चष्मा त्याने माझ्या तोंडावर चढवला आणि घड्याळ माझ्या मनगटाला बांधलं. बांधताना रिंग कुठेतरी फिरवली. म्हणाला, खाली गाळात हात दिसत नाही. घड्याळ असं थेट चष्म्याच्या काचेला चिकटवून बघायचं. काटा त्या रिंगच्या ठिपक्याला लागला की वेळ संपली. आता दिवा घालवतो, तुम्ही सांगा किती मिनिटं राहिली.

मी एकाहत्तरीतला माणूस, मोरीत गुडघ्यावर बसून बादलीत तोंड घातलं. घड्याळ काचेला लावलं. इतक्या जवळून नजर कुठे ठरते? सगळीकडे हिरवं. पंधरा-सोळा उजेड एकमेकांत विरघळलेले, पातळ पिठल्यासारखे. त्यातला काटा कोणता, ठिपका कोणता? पण हार मानणं माझ्या रक्तात नाही. दोनदा श्वास घ्यायला डोकं वर काढलं, परत घातलं, आणि शेवटी मला सापडलं. डोकं काढून ठासून सांगितलं, नऊ मिनिटं.

त्याने दिवा लावला. चारच मिनिटं होती. डायलवरची चारच्या आकड्याची खूण मी रिंगचा ठिपका समजून बसलो होतो.

"तुमी मेलात, काका," बाळाराम म्हणाला. अगदी हळू. थट्टा नव्हती त्यात.

मग मोरीच्या उंबऱ्यावर बसून त्याने मला समजावलं, आणि मी नाकातून पाणी गळत असताना ऐकलं. खाडीच्या तोंडाशी पाणी सतत पळत असतं, भरतीला आत, ओहोटीला बाहेर. भरती संपून ओहोटी लागायच्या मधे, आणि ओहोटी संपून भरती लागायच्या मधे, ते थोडा वेळ उभं राहतं. तेवढ्यात खाली उतरायचं, काम करायचं, बाहेर यायचं. अंगाला हवेची नळी असते, वरच्या बोटीवरच्या यंत्रातून येणारी. पाणी पळायला लागलं तर नळी बुडालेल्या बोटीला गुंडाळते, आणि माणूस तिच्याबरोबर. "खाली मला बारा वाजले का एक वाजला, काय करायचंय?" तो म्हणाला. "मला येवढंच पायजे, निगायचं कदी. दोनच उजेड. एक रेघ, एक ठिपका. रेघ ठिपक्याला भेटली का वर."

आयुष्यभर मी यंत्रांत भर घालत आलो. या माणसाने काढून काढून यंत्र पुरं केलं होतं, आणि ते सुद्धा सुईने, खाटेवर बसून. माझं डोकं चालेना.

तरी खोड जात नाही. म्हटलं, ठिपका निळा करून देतो, रेघ हिरवी, म्हणजे ओळखायला सोपं. मान हलवून म्हणाला, निळा आमच्या पाण्यात मरतो काका, हिरवाच टिकतो. हे त्याला कोणी शिकवलं? कोणी नाही.

काम दुसऱ्याच दिवशी दुपारी होतं. भांगाचे दिवस, म्हणजे लहान भरतीचे, पाणी त्यातल्या त्यात शांत. संध्याकाळी मी टेबलाशी बसलो आणि माझ्या बाराही खुणा खरवडल्या. भरायला तीन दिवस लागले होते, काढायला दोन तास. मग तासकाटा, सेकंदकाटा. मिनिटकाटा आणि रिंगचा ठिपका तेवढे भरलेले ठेवले, आणि ते मात्र असे भरले की गोधडीखाली दोन काजवे बसल्यासारखे. घड्याळ परत बंद करून डब्यातून काढलं. बुडबुडा नाही. बाळारामला सांगितलं, उद्या मी येणार. म्हणाला, काका, उगा कशाला. मी म्हटलं, माझं काम कुठे जातंय ते मी बघणार. ही म्हणाली, बुडालात तर निदान वेळ कळेल.

उरणजवळच्या त्या धक्क्यापासून आम्ही होडीने आत गेलो. मी, बाळाराम, कुंदा आणि बोटीचा मालक, म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्याला सगळे दादूस म्हणत. शेजारी क्रेनचा तराफा उभा होता. बुडालेली बोट कुठे आहे ते दाखवायला पाण्यावर एक पिंप तरंगत होतं, त्याचा दोर खाली गेलेला. दोन वायर बोटीच्या पोटाखालून काढायच्या, मग क्रेन तिला उचलणार. दादूसची सगळी पुंजी त्या बोटीत होती आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो एका जागी बसत नव्हता.

पिंपाचा दोर सरळ खाली लोंबायला लागला. पाणी उभं राहिलं. बाळाराम पाण्याचा चष्मा चढवून काठावर बसला आणि त्याने मनगट बायकोपुढे केलं.

मला वाटलं पट्टा आवळायला. पण कुंदाने विजेरीचा उजेड घड्याळावर धरला, मग घड्याळात बघून रिंग फिरवली. तोंडाने मोजत. एकेक टिचकी अर्ध्या मिनिटाची. ठिपका तिने मिनिटकाट्याच्या पुढे वीस मिनिटांवर आणून ठेवला. त्याने बघितलंसुद्धा नाही, उतरला.

मी तिला विचारलं, ही रिंग तो स्वतः का लावत नाही?

"खाली जानारा लोभी असतो काका," ती म्हणाली. "येवढं झालं का निगतो, आनकी येवढं झालं का निगतो. आमच्यात रिंग वरच्यानं लावायची. जो वाट बगतो त्यानं."

मी दहा वर्षं त्या रिंगा बसवत होतो. शेकड्याने. त्या एकाच बाजूला फिरतात हे मला माहीत होतं, आणि का तेही माहीत होतं. खाली कुठे घासून फिरलीच तर वेळ कमी दाखवावी, वाढवून दाखवू नये म्हणून. पण ती रिंग कोणाच्या बोटाने फिरवायची असते, हे मला त्या होडीत कळलं.

मग नुसते बुडबुडे. कुंदाची नजर बुडबुड्यांवरून हलली नाही. एक वायर ओढली गेली, पलीकडून तिचं टोक वर आलं. दादूसने हात जोडले. दुसरी वायर सरकायला लागली, अर्धी गेली, थांबली, परत सरकली. माझ्या मनगटावर माझं घड्याळ होतं. अठरा मिनिटं. साडेअठरा. वायर सरकत होती. दादूस पाण्याकडे बघून पुटपुटत होता, दोन मिनटं, दोन मिनटं. एकोणीस. वायर थांबली. आणि वीस व्हायच्या आत बाळारामचं डोकं शिडीशी वर आलं.

दादूस भडकला. हातभर राहिलं होतं, हातभर. दोन मिनिटांनी काय झालं असतं, असं तो ओरडून विचारत होता. बाळारामने तोंडातली नळी काढली, शिडीला टेकून धापा टाकत राहिला. कुंदाने नळी होडीत ओढून घेतली.

आमच्या होडीच्या अंगाला एक चप्पल तरंगत होती. मघापासून तिथेच, जणू कोणी काढून ठेवलेली. ती हलली. आधी वीतभर, मग हातभर, मग चालायलाच लागली. पिंपाचा दोर तिरका झाला, ताणला, आणि ताणून ताणून त्यातून आवाज यायला लागला, तंबोऱ्याच्या तारेचा येतो तसा. होडीने तोंड फिरवलं. हे सगळं दादूसच्या बोलण्याचं वाक्य पुरं होईपर्यंत. तो दोराकडे बघत खाली बसला आणि भावाच्या ओल्या डोक्यावर त्याने हात ठेवला. नंतर कितीतरी वेळ ठेवलेलाच होता.

मी त्या पाण्याकडे बघत राहिलो. कारखान्यात मी मोठमोठी यंत्रं चालू होताना पाहिलीत, घंटा वाजते, माणसं ओरडतात. इथे एवढं मोठं काहीतरी चालू झालं आणि आवाज एका दोराचा. आणि त्या सगळ्याच्या खाली, गाळात, एक माणूस दोन ठिपक्यांएवढ्या उजेडावर विश्वास ठेवून हातातलं काम सोडून वर येतो. भावाचं काम. हातभर राहिलेलं. मी आलो असतो का वर? मी माझ्या खुणा भरायला बसलो की जेवायलासुद्धा उठत नाही.

घड्याळ हातात घेतलं, काच उन्हात तापू दिली आणि वर गार पाण्याचा थेंब टाकला. आत ओल असेल तर काचेखाली वाफ धरते. काच स्वच्छ. ते सांगायला मी तोंड उघडलं, मग वाटलं, राहू दे.

रात्री त्यांच्याकडेच गव्हाणला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमाराला भरती संपून पाणी पुन्हा उभं राहणार होतं. आम्ही आठलाच पिंपापाशी होतो. दोर सरळ लोंबला. बाळाराम काठावर बसला आणि त्याने मनगट पुढे केलं, माझ्यापुढे. मी कुंदाकडे बघितलं. तिने मान डोलावली.

मी विजेरी धरली. दोन्ही उजेड भरून घेतले. मग अंगठा आणि बोट रिंगला लावलं. टिचक्या मोजत वीस मिनिटांवर आणली. तिथे थांबायचं होतं. पण बोटं थांबली नाहीत, आणखी दहा टिचक्या फिरली, ठिपका काट्याच्या आणखी जवळ आला.

बाळारामने घड्याळाकडे बघितलं. "काका, पंधरात नाय होनार."

"मग उरलेलं उद्या कर," मी म्हटलं आणि त्याचं मनगट सोडलं.